कोरी चाचणी

आमच्या अक्काला भोकं पाडण्याचा पगार मिळायचा. दरवर्षी कॉलेजात पहिल्या तासाला मी हे वाक्य फेकते आणि मुलं हसतात. हसू देत, कारण गोष्ट खरीच आहे. कारखान्याच्या चिमणीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेत सोडून देण्याऐवजी त्याचं मिथेनॉल करता आलं, तर जाळायला, रंग करायला, प्लॅस्टिक करायला उपयोगी पडतं. पण हा वायू महा आळशी. आपणहोऊन काही करत नाही. त्याला हलवायला एक पावडर लागते. त्या पावडरीवर दिव्याचा उजेड पाडायचा, वायू आणि पाण्याची वाफ तिच्यातून जाऊ द्यायची आणि वाट बघायची. पावडर म्हणजे लग्न जुळवणारी बाई, दोघांची गाठ घालून देते आणि स्वतः नामानिराळी राहते. पावडरीत जितकी बारीक भोकं जास्त, तितकी आत बसायला जागा जास्त. अक्काच्या पावडरीतल्या चमचाभराच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या, तर आमच्या कॉलेजचं मैदान झाकलं गेलं असतं. म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला जाळीवाल्या बाई म्हणायचे.

अक्का माझी थोरली बहीण. घरात मी ठिणगी आणि ती पाणी, असं आई म्हणायची. पण पाणी म्हणजे गोड नव्हे. तिला तोंडदेखलं बोलताच यायचं नाही. लहानपणी एक पाहुण्या बाई आल्या, गायल्या, आणि कसं झालं म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, "दुसऱ्या ओळीत सूर घसरला, बाकी ठीक." आईने तिला आत नेऊन झापलं. ती म्हणाली, "मग विचारलं कशाला?" तिचं हे उत्तर आमच्याकडे म्हण होऊन बसलं.

भावजी तिला त्याच प्रयोगशाळेत भेटले. तिथे एक यंत्र आहे. वायूचा घोट आत सोडला की त्यात काय काय मिसळलंय ते वेगळं करून पडद्यावर दाखवतं. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला रेषेवर एक उंचवटा काढतो. त्याला ही मंडळी टेकडी म्हणतात. ते यंत्र भावजींच्या ताब्यात, म्हणून भावजींचं नाव नाक. खोली थंडगार ठेवावी लागते, तेव्हा हा माणूस भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसलेला असायचा. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी अक्काला चहा करून दिला आणि कसा झालाय विचारलं. ती म्हणाली, "साखर जास्त, पत्ती कमी, दूध बरं आहे." हे ते दहा जणांना सांगत सुटले. "हिच्या तोंडून एक 'बरं' निघालं ना, की दुसऱ्याचं सुवर्णपदक समजायचं," म्हणायचे. मला भावजी फार आवडायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही.

त्या प्रयोगशाळेत एक रिवाज होता. आपल्या पावडरीची कोरी चाचणी आपण करायची नाही. कोरी चाचणी म्हणजे सगळं तेच ठेवायचं, तीच पावडर, तोच दिवा, तीच वाफ, फक्त कार्बन डायऑक्साइड द्यायचा नाही. त्याच्या जागी आरगॉन सोडायचा. हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा वेळी मिथेनॉलची टेकडी उठता कामा नये. उठली, तर समजायचं की मिथेनॉल चिमणीच्या वायूतून येत नाहीये, पावडरीच्याच पोटात काहीतरी शिल्लक आहे, ते बाहेर पडतंय. स्वतःच्या मुलाचा पेपर आईने तपासू नये, तशातलाच हा नियम. त्यामुळे अक्काच्या पावडरीची कोरी चाचणी भावजी करायचे.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याने केलेली चालते का? मीही विचारलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे आणि ज्यांच्याकडे शेजारी सर्दीचं औषध मागायला यायचे, ते म्हणाले, "नाक कुणाचा नवरा नसतं." आणि तेव्हा ते खरंही होतं. भावजींनी अक्काच्या किती पावडरी नापास केल्या असतील त्याला गणती नाही. बाहेर यायचे, तिच्या टेबलावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आली." टेकडी आली, पावडर गेली. अक्का मान हलवायची आणि नवीन घाट घालायला उठायची. त्या दिवशी घरी स्वयंपाक भावजींकडे असायचा.

अक्काची अडचण एकच होती, आणि ती वर्षानुवर्षं तीच राहिली. भोकं पाडायला ती साबणासारखा एक पदार्थ कालवायची. त्याचे अगदी बारीक गोळे पावडरीत अडकून बसतात. मग भट्टीत तापवलं की साबण जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. भट्टी जास्त तापली तर भिंती ढासळतात आणि सगळी जाळी बुजते. कमी तापली तर साबण पुरता जळत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तिने भट्टी मंद ठेवून खूप सावकाश तापवायची रीत बसवली. पावडर पांढरीशुभ्र निघाली. जाळी शाबूत. दिव्याखाली ठेवली आणि मिथेनॉलची अशी टेकडी उठली की भावजींना पडद्याचं माप बदलावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कोरी चाचणी. अक्का आत थांबली नाही. यंत्राच्या खोलीबाहेर सिलिंडर साखळीने भिंतीला बांधून ठेवतात, त्यांच्याजवळच्या पायरीवर जाऊन बसली. भावजी बाहेर आले. टेबल नव्हतंच, म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कोरी."

अक्का रडली. मला फोन केला तेव्हाही रडतच होती. इतकी वर्षं मी तिला आनंदाने रडताना पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्याच सकाळी त्यांनी सगळ्यांना जमवून जाहीर करून टाकलं. मग पाहुणे आले, भाषणं झाली, कारखान्याने नवीन शेड बांधून दिली. पावडर काही दिवस भरभरून द्यायची आणि मग ओसरायची. सगळे म्हणायचे, पावडर थकली, ताजी घाला. ताजी घातली की पुन्हा जोरात. थकणं हा पावडरींचा स्वभावच असतो, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. आत उरलेला साबण संपत होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. अक्काच्याही नाही. तिला कोरी चाचणीचा निकाल माहीत होता ना.

पहिल्या खेपेची उरलेली पावडर भावजींनी एका बुचाच्या बाटलीत भरली आणि घरी काचेच्या कपाटात, लग्नाच्या फोटोशेजारी ठेवली. कपाट तेच पुसायचे. बाटली उचलून, पुसून, पुन्हा नीट जागेवर ठेवायचे. आता ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

वर्ष असंच गेलं. मग एका दुसऱ्या प्रयोगशाळेने पावडर मागवली. त्यांची रीत वेगळी. बाहेरून आलेली कुठलीही पावडर ते आधी ऑक्सिजनमध्ये भाजून घेतात, दुधाने तोंड पोळलेली माणसं असणार. भाजून घेतली आणि मिथेनॉलचा थेंब निघेना. डॉक्टर फोनवर ओरडले की तुम्ही आमची जाळी जाळलीत. मग त्यांनी न भाजता, नुसत्या आरगॉनवर चाचणी केली. टेकडी उठली. त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं की हे मिथेनॉल तुमच्या चिमणीचं नाही, पावडरीत कुठून तरी आलेल्या कार्बनचं आहे.

चौकशी समिती बसली. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त बाई होत्या, शांत, सरळ. त्यांचा प्रश्न साधा होता. पहिल्या खेपेची कोरी चाचणी झाली होती का? झाली असेल आणि तेव्हाच टेकडी उठली असेल, तर ती पावडर करण्याच्या पद्धतीतली चूक, कुणाच्याही हातून होईल अशी. पण ती खरंच कोरी आली असेल, तर मग पहिली पावडर स्वच्छ होती आणि, रीत तीच असताना, नंतरच्या पावडरींत कुणीतरी मुद्दाम काहीतरी घातलंय. म्हणजे फसवणूक. आणि पावडरीला हात लागायचा तो फक्त अक्काचा.

भावजींना बोलावलं. अक्का शेजारच्याच खुर्चीवर होती. बाईंनी विचारलं, "काय आलं होतं?"

"कोरी होती," भावजी म्हणाले.

आलेख मागितला, तर जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेला म्हणाले. झालं. निष्कर्षात लिहिलं गेलं की नमुन्यात हस्तक्षेप झाला. अक्काला घरी बसवलं. ज्या मंडळींनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले होते, ती जिन्यात तिला पाहून बूट बांधायला खाली वाकायला लागली. भावजींची नोकरी राहिली. यंत्राला कुणी काही म्हटलं नाही.

मी त्या आठवड्यात तिच्याकडे गेले, तेव्हा ती जमिनीवर बसून नंतरच्या खेपांच्या आठवणी जुळवत होती. पाणी बदललं होतं का, साबण दुसऱ्या दुकानातून आणला होता का. स्वतःचीच उलटतपासणी घेत होती. म्हणाली, "माझ्याकडून नंतर कुठेतरी काहीतरी झालंय, ठिणगे. मला सापडत नाहीये. पहिली कोरी होती, म्हणजे तेव्हा मी बरोबर होते."

"आणि ती कोरी नसेलच तर?"

"त्याने केली होती," ती म्हणाली. एवढंच.

तिचा स्वतःच्या हातांवर विश्वास उरला नव्हता, त्याच्या शब्दावर होता. माझं डोकं तेव्हाच तापलं, पण कुणावर ते मलाही कळलं नव्हतं. मी कपाट उघडलं आणि बाटली काढली. आमच्या कॉलेजात एक म्हातारं यंत्र आहे, कुरकुरत का होईना चालतं. अक्का म्हणाली, "आपल्या पावडरीची आपण करायची नाही."

"तू कुठे करतेस? मी करते. मी तुझी बहीण आहे, तू नव्हे."

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही कॉलेज उघडलं. मी नळी धुतली, आरगॉन सोडला, दिवा लावला. अक्का खिडकीशी उभी राहिली, पडद्याकडे पाठ करून. मिथेनॉलची वेळ आली आणि टेकडी उठली. लहानसहान नाही, चांगली ऐसपैस. मी म्हटलं, "अक्का, बघ."

तिने वळून बघितलं. म्हणाली, "तुझं यंत्र धू आणि परत कर." मी परत केलं. परत उठली. मग म्हणाली, "त्या दिवशी त्याचं यंत्र बिघडलेलं असेल." अजूनही ती त्याचीच बाजू घेत होती. पण बोलता बोलता थांबली, कारण तिलाच आठवलं. रोज सकाळी भावजी आधी मोजून ठेवलेलं मिथेनॉल यंत्राला हुंगायला देतात, ते बरोबर ओळखलं की मगच दिवसाचं काम सुरू करतात. त्या सकाळीही दिलं होतं. ती तिथेच होती. यंत्र ठणठणीत होतं.

"त्याला दिसली होती," अक्का म्हणाली आणि तिने बाटलीला बूच लावलं.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा भावजी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. मी दारातच थांबले. अक्काने बाटली ओट्यावर ठेवली. भावजींनी बाटली बघितली, मग मला बघितलं आणि सुरी खाली ठेवली. खाई त्याला खवखवे. अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

"त्या दिवशी टेकडी आली होती ना?" अक्काने विचारलं.

भावजी म्हणाले, "तू पायरीवर बसली होतीस. मला आतून दिसत होतीस. इतक्यांदा 'आली' म्हणायला तुझ्याकडे आलो होतो मी. म्हटलं आज नको. उद्या सांगू. परत एकदा करून बघू आणि मग सांगू. तर दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा केलेलं."

"त्यानंतर वर्ष होतं."

"तू आनंदात होतीस अगं."

"आणि समितीपुढे?" तिचा आवाज चढला नाही. "तिथे मी आनंदात नव्हते."

भावजी नळाखाली हात धुवायला लागले. धुतलेलेच हात पुन्हा धुतले. "तेव्हा सांगितलं असतं तर दोघांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या. घरात एक तरी पगार नको? तुझी तर जाणारच होती. पावडर खोटीच होती ना."

मी भांडायला पुढे सरसावले. अक्काने मला हाताने अडवलं.

"पावडर चुकली होती," ती म्हणाली. "खोटी तू केलीस. आणि मला पण."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने केलं असतं तर मी गावभर बोंब मारली असती. इथे कुंपणानेच शेत खाल्लेलं. भावजी रडले. खरंच रडले, ते नाटक नव्हतं. म्हणाले, सोमवारी जाऊन समितीला सांगतो. अक्का म्हणाली, "सांग."

सोमवारी डॉक्टर गावाला गेलेले. पुढच्या सोमवारी अध्यक्ष बाई आजारी. मग यंत्राची दुरुस्ती. मग म्हणे डॉक्टर लवकरच निवृत्त होतायत, त्यांच्या म्हातारपणी कशाला, ते गेले की सांगतो. वेळ मारून न्यायची कला त्या माणसाकडे इतकी असेल हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी मीच अध्यक्ष बाईंकडे गेले, माझे आलेख घेऊन. त्यांनी सगळं नीट पाहिलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "मला तुमचं पटतंय. पण पावडर त्यांच्या घरातली, चाचणी त्यांच्या बहिणीची. हे मी कशात धरू? तुमच्या भावजींनी येऊन सांगितलं तर एका दिवसात फिरवते." बाईंचं बरोबर होतं. रिवाज चांगलाच होता, तो माझ्या बहिणीच्या आड आला एवढंच. तिचं नाव धुऊन निघायला एका माणसाचं एक वाक्य पुरलं असतं, आणि तो माणूस रोज तिच्या शेजारी जेवायला बसत होता.

सगळ्यांना वाटलं, अक्का घर सोडेल. मी तर माझी मागची खोली झाडून ठेवली. ती म्हणाली, "घर मी पण बांधलंय. मी का जाऊ?" तिने एका रंगाच्या दुकानात काम धरलं. लोक भिंतीचा टवका घेऊन येतात आणि ती डब्यात थेंब थेंब घालून तोच रंग जुळवून देते. दुकानदार खूश आहे. घरी ती भांडत नाही, टोमणे मारत नाही, भावजींशी अबोलाही धरत नाही. विचारलं तर उत्तर देते. भाजी कशी झालीय? छान. दिवस कसा गेला? छान. बरं वाटतंय का? हो, छान.

पहिल्यांदा तिच्या तोंडून हा शब्द ऐकला तेव्हा मी चमकले. जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं होतो. बटाट्याची भाजी खाली लागलेली, करपल्याचा वास घरभर. भावजींनी भीत भीत विचारलं आणि ही शांतपणे म्हणाली, "छान झालीय." भावजी हसले. त्यांना वाटलं, निवळतंय. मला माझी बहीण माहीत आहे. मी करपलेला बटाटा ताटाच्या कडेला सारला.

परवा भावजी कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे होते. हातात डब्याची पिशवी, अंगात तो स्वेटर. वाळले आहेत. मी तास संपवून बाहेर आले तर म्हणाले, "काल मी चहात मीठ घातलं. साखरेऐवजी. मुद्दाम."

"मग?"

"सगळा प्याली. कप धुऊन ठेवला. विचारलं कसा होता, तर म्हणाली छान." थोडा वेळ ते फाटकाची कडी खालीवर करत राहिले. "मला तिचं काहीच कळत नाही आता. रागावलीस का म्हटलं तर नाही म्हणते. माफ केलंस का म्हटलं तर हो म्हणते. ठिणगे, तू कधी कुणाची भीड ठेवली नाहीस. तू सांग. तिने मला माफ केलंय का?"

हे विचारायला हा माणूस गल्लीच्या टोकावरच्या समितीच्या कचेरीवरून चालत आला होता. दार उघडं असतं तिचं. मी काय काय बोलू शकले असते. गेले कित्येक महिने पाठ करून ठेवलेलं होतं माझ्याकडे, शब्द न शब्द.

"केलंय की, भावजी," मी म्हटलं. "कधीच केलंय."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ टक लावून बघितलं, पडद्याकडे बघायचे तसं. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि कामाला उशीर होतोय म्हणून निघून गेले.